कॉमा (इंग्रजी लेखनातला)

कॉमा म्हणजे शाळेत ज्याला स्वल्पविराम म्हणायचो तेच चिन्ह, आणि इंग्रजी लिहिताना मराठी माणूस माझ्या मते स्पेलिंगपेक्षा जास्त इथेच अडखळतो. त्याचं एक कारण मराठी नावातच आहे. 'विराम' म्हटलं की थांबायचं हे डोक्यात पक्कं बसतं, मग वाचताना जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे कॉमा पडतो. आजच्या इंग्रजीत मात्र कॉमा कुठे द्यायचा हे मुख्यतः वाक्याच्या रचनेवर ठरतं, श्वासावर नाही, आणि ही एक गोष्ट समजली की निम्मे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

सुरुवात खरं तर मोठ्याने वाचण्यातूनच झाली. प्राचीन काळी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात बायझँटियमच्या अ‍ॅरिस्टोफेनीस या विद्वानाने ग्रीक मजकुरात वर, मध्ये, खाली टिंबं द्यायची पद्धत काढली, वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळावं म्हणून. कॉमा या ग्रीक शब्दाचा अर्थ कापलेला तुकडा, म्हणजे वाक्याचा छोटा भाग, आणि पुढे ते नाव चिन्हालाच चिकटलं. मध्ययुगात त्याच्या जागी तिरकी रेघ असायची. आजचं शेपटीवालं रूप 1490 च्या दशकात व्हेनिसच्या आल्डस मनुशियसच्या छापखान्यातून पसरलं, अर्धविरामही तिथलाच. नंतर लोक मनातल्या मनात वाचायला लागले, व्याकरणाची पुस्तकं आली आणि कॉमा हळूहळू रचनेकडे सरकला.

आपल्याकडे मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहायची पद्धत नव्हती, विरामचिन्हं इंग्रजी अमदानीत आली. मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहिली. चिन्ह तिकडचंच, पण मराठीने ते आपल्या वळणाने वापरलं आणि बऱ्याच चुका या वळणातूनच येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं. 'पाऊस आला, आम्ही घरी गेलो' हे मराठीत अगदी छान चालतं, पण इंग्रजीत 'इट स्टार्टेड रेनिंग, वी वेंट होम' ही चूक धरतात, याला कॉमा स्प्लाइस म्हणतात. तिथे पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर कॉमानंतर 'सो' किंवा 'अँड' घाला. 'हाउएव्हर' घातलं की वाक्यं जोडली गेली असं बऱ्याच जणांना वाटतं, ऑफिसच्या मेलमध्ये तर हे सर्रास दिसतं, पण तो शब्द 'बट'चं काम करत नाही, त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविरामच लागतो. दुसरी चूक 'की'ची. आपण 'तो म्हणाला, की' असं लिहितो म्हणून 'ही सेड, दॅट' असा कॉमा येतो, तो काढून टाकायचा. तिसरी म्हणजे कर्ता लांबलचक असला की दमून क्रियापदाच्या आधी कॉमा देणं, तोही नको.

'हू', 'विच'च्या आधीचा कॉमा तर अर्थच बदलतो. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे, इज कमिंग' म्हणजे भाऊ येतोय आणि तो पुण्यात राहतो ही जाता जाता दिलेली माहिती. दोन्ही कॉमे काढले तर अनेक भावांपैकी जो पुण्यात राहतो तो येतोय. इथे कॉम्यांची जोडी असते, पहिला देऊन दुसरा विसरला की वाक्य लंगडं होतं.

यादीत शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी येतो तो ऑक्सफर्ड कॉमा. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस तो देते, शिकागो मॅन्युअल हे अमेरिकेतलं लेखनशैलीचं पुस्तकही द्यायला सांगतं, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैली साध्या यादीत देत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात यावरून कोर्टात केस झाली. तिथल्या कायद्यात नाशवंत मालाच्या काही कामांना ओव्हरटाइम लागू नव्हता आणि त्या कामांच्या यादीचा शेवट 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असा होता, 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, इथे एकच काम सांगितलंय, पॅकिंग, मग ते पाठवण्यासाठी असो की वाटपासाठी, आणि आम्ही तर पॅकिंग करत नाही, फक्त माल पोचवतो, म्हणून ओव्हरटाइम आम्हाला मिळायला हवा. कंपनीचं म्हणणं, वाटप हे यादीतलं वेगळं काम आहे; 'ऑर'च्या आधी कॉमा असता तर तसंच वाचलं गेलं असतं. 2017 मध्ये अपील कोर्टाने शब्दरचना संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला, 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि पुढे कायद्याच्या त्या यादीत अर्धविराम घातले गेले. मला स्वतःला हा कॉमा नेहमी द्यावा असंच वाटतं, एका चिन्हाने शंका मिटत असेल तर वाचवायचं काय?

बाकीचं थोडक्यात. कुणाला हाक मारली तर नावाआधी कॉमा, नाहीतर 'लेट्स ईट, ग्रँडमा'मध्ये आजीच ताटात येते. अवतरण संपताना अमेरिकन पद्धतीत कॉमा अवतरणचिन्हाच्या आत, ब्रिटिश पद्धतीत तो मूळ बोलण्यातला नसेल तर बाहेर. आकड्यांत आपण दहा लाख 10,00,000 असे लिहितो, ब्रिटन-अमेरिकेत तेच 1,000,000, त्यामुळे परदेशी क्लायंटला कोटेशन पाठवताना त्यांच्या पद्धतीने कॉमे द्यावेत.