लाखेचं पॉलिश

लाखेच्या किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेली राळ स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळवून लाकडावर पातळ थरांनी चढवतात, तेच हे पॉलिश. दुकानात चपडा पॉलिश म्हणून मिळतं, जुने पॉलिशवाले फ्रेंच पॉलिश म्हणतात. देव्हारे, कपाटं, झोपाळे यांच्यावर ते सगळ्यांनी पाहिलेलंच असतं. चीन-जपानचं लाखकाम मात्र एका झाडाच्या चिकापासून होतं, ते साहित्यच वेगळं, म्हणून इथे घेतलेलं नाही.

किड्याचं शास्त्रीय नाव केरिया लाक्का. पळस, बोर आणि कुसुम ही त्याची मुख्य झाडं. कुसुमावरची लाख रंगाने फिकी असते म्हणून तिला भाव जास्त. फांदीवरून खरवडून धुतली की लाखदाणा, तो तापवून, गाळून, ताणून पत्र्यासारखा केला आणि तुकडे पाडले की चपडा. देशात झारखंड यात सगळ्यात पुढे, रांचीजवळ नामकुमला 1924 मध्ये लाख संशोधन संस्था सुरू झाली. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोली भागात थोडी लाख होते.

आता ही पद्धत आली कुठून, यावर एकमत नाही. नेहमीचं मत असं की पॅरिसच्या कारागिरांनी साधारण अठराव्या शतकाच्या शेवटी किंवा एकोणिसाव्याच्या सुरुवातीला ती काढली आणि इंग्रजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. पण स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख त्याच्या बरीच आधीची आहे, 1688 सालच्या स्टॉकर आणि पार्कर यांच्या इंग्रजी पुस्तकात लाखदाण्याचं आणि चपड्याचं अशी दोन्ही व्हार्निशं दिलेली आहेत, फक्त ती ब्रशने लावायची. म्हणजे फ्रेंचांचं नवं काय, तर कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने घासत घासत थर चढवणं, एवढंच म्हणता येईल. त्याच्याही मागे गोवा आहे. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात लाखेवर वेगळं प्रकरण आहे, आणि 1583 ते 1588 गोव्यात राहिलेला डच माणूस लिन्सकोटेन लिहितो की इथले कातारी (लाकूड फिरवून गोल वस्तू घडवणारे कारागीर) फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडाला चिकटते आणि मग सुक्या गवताने घासून तिला काचेसारखी चकाकी आणतात. यात स्पिरिट कुठेच नाही, त्यामुळे फ्रेंच पॉलिश थेट गोव्यातून गेलं म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं. दोन वेगळ्या वाटा मानणं जास्त पटतं. सावंतवाडीची चितारकामाची परंपराही याच्याशी जोडतात, पण तिथे आधी चिंचोक्याच्या खळीचा अस्तर, त्यावर रंग आणि चित्र, आणि लाख शेवटी राखण म्हणून, असा क्रम असतो.

घरी केलेल्या फर्निचरला लावायचं तर एक लिटर स्पिरिटला साधारण 240 ग्रॅम चपडा घेऊन रात्रभर काचेच्या बरणीत ठेवतात, धातूचा डबा नको, रंग काळपटतो. द्रावण गढूळ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, लाखेत सुमारे 5 टक्के मेण असतंच (वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारायचं असेल तरच मेण काढलेली लाख लागते). लाकूड आधी 120, मग 180, मग 220 नंबरच्या पेपरने रेषेच्या दिशेने घासायचं, सागाची भोकं खडू पावडर आणि पिवडी (पिवळी माती) कालवून भरायची, आणि मग मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्याने हात न थांबवता गोल गोल फिरवत थर द्यायचे. हात थांबला तर तिथलं पॉलिश उचकटतं. बोळा अडकायला लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब पुरे, आणि शेवटी जवळजवळ नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ते तेल काढून टाकायचं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, आपोआप तापून पेट घेतात.

कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात हे काम टाळतात, कारण हवेतली ओल थरात अडकून पांढुरकं सावट येतं. गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उमटतो, दारू सांडली तर थरच विरघळतो. म्हणून जेवणाच्या टेबलाला हे पॉलिश नाही, तिथे मेलामाइन किंवा पीयूसारखं कृत्रिम पॉलिश बरं.

विसाव्या शतकात नायट्रोसेल्युलोजचं लॅकर आलं, सुतारांच्या भाषेत एनसी. ते थिनर या पातळ करायच्या द्रवात विरघळवलेलं असतं, मशीनने फवारतात, मिनिटांत सुकतं, पण वाफ पेट घेणारी आणि डोकं दुखवणारी, बंद खोलीत मारू नये. चपड्याचं द्रावण मात्र जुनं झालं तर टाकूनच द्यावं, कारण वर्षभरात अल्कोहोल आणि लाखेची आम्लं यांची क्रिया होऊन ते सुकतच नाही, चिकट राहतं. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवतात, सकाळी नख लागलं तर ती बरणी कामाची नाही.