कुत्र्याच्या जठराला पीळ पडतो तेव्हा

कुत्रा मान खाली घालून पुन्हा पुन्हा ओकू पाहतोय, पण फेसाळ लाळेखेरीज बाहेर काहीच पडत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्यात हे दिसलं, तर पोट फुगतंय का याची वाट पाहू नका. त्याला गाडीत घाला आणि पशुवैद्यकाकडे निघा. निघताना फोन करा, म्हणजे तिथे एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची तयारी होईल. हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

‘ब्लोट’ या नावाने श्वानपालकांना माहीत असलेल्या या आजारात कधी जठर वायूने नुसतं फुगतं, तर कधी फुगलेलं जठर स्वतःभोवती फिरतं. दुसरा प्रकार जिवावरचा. चॉकलेटच्या कागदासारखी दोन्ही टोकं पिळली जातात. अन्ननलिकेकडची वाट बंद, आतड्याकडचीही बंद. मग ओकारी कोरडीच राहते, ढेकरही येत नाही आणि आतला वायू वाढत जातो.

मात्र कुत्रा दगावतो तो केवळ वायूमुळे नाही, तर रक्ताभिसरण कोलमडल्यामुळे. शरीराच्या मागच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी नीला ताणलेल्या जठराखाली दबते. हृदयात रक्तच कमी पोचतं, रक्तदाब कोसळतो. जठराच्या भिंतीला रक्त मिळेनासं होतं आणि ती मरू लागते. जठराला जोडलेली प्लीहा त्याच्यासोबत ओढली जाते, बारीक रक्तवाहिन्या तुटतात. श्वासपटलावर दाब आल्याने श्वासही अपुरा पडतो. हे सगळं काही तासांत होतं. मागच्या पायातून दिलेलं सलाईन दबलेल्या नीलेमुळे हृदयापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून डॉक्टर ते पुढच्या पायातून लावतात.

फुगलेलं पोट हे लक्षण फसवं आहे. खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर बरगड्यांआड असतं, त्यामुळे आत पीळ पडलेला असतानाही पोट बाहेरून नेहमीसारखं दिसू शकतं. त्यापेक्षा त्याची अस्वस्थता पाहा: एका जागी न टिकणं, लाळ गाळणं, वळून आपल्याच पोटाकडे बघणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरणं. हिरड्या फिक्या पडतात. हिरडी बोटाने दाबून सोडली की साधारण 2 सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. कुत्रा ठणठणीत असतानाच हे एकदा करून पाहा. स्वतःच्या कुत्र्याच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग माहीत असायलाच हवा.

घरी गॅसचं औषध पाजणं, तेल पाजणं, ओकारी काढायला लावणं यातलं काहीही करू नका. पीळ यातल्या कशानेही सुटत नाही, हातातला वेळ मात्र जातो. दवाखान्यात सलाईन लावतात, नळीने किंवा सुईने वायू काढतात आणि शस्त्रक्रिया करून जठर सरळ करतात. नंतरचे एक-दोन दिवस हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून कुत्र्याला लगेच घरी सोडत नाहीत.

धोका सर्वाधिक कुणाला? ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, वायमरानर, आयरिश सेटर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल आणि अरुंद छातीच्या जातींना. आईवडील किंवा भावंडांना हा त्रास झाला असेल तर अधिक, वय वाढेल तसा आणखी. दिवसातून एकदाच भरपूर खाणं आणि अधाशासारखं गिळणं हेही वाईट. जेवण दोन-तीन वेळांत विभागा, घाईने खाणाऱ्याला उंचवटे असलेलं भांडं द्या. भांडं उंचावर ठेवण्याचा सल्ला अनेक वर्षं दिला जायचा. पण 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांना हा आजार जास्त झालेला दिसला. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी सांगितलं नसेल, तर भांडं जमिनीवरच बरं. जेवणानंतर लगेच धावपळ टाळण्यामागचा पुरावा तितका पक्का नाही, तरी तासभर विश्रांतीने नुकसान काहीच नाही.

या सगळ्या काळजीपेक्षा माझा भर गॅस्ट्रोपेक्सीवर आहे. यात जठर उजवीकडे पोटाच्या भिंतीला टाके घालून कायमचं जोडतात, म्हणजे ते फिरण्याची शक्यता फारच कमी होते. ग्रेट डेनमध्ये आयुष्यात कधीतरी पीळ पडण्याची शक्यता संशोधकांच्या अंदाजाने तीनात एकाहून जास्त आहे. अशा जातीच्या कुत्र्याची नसबंदी ठरली असेल, तर त्याच भुलीत हे करून घेता येतं. डॉक्टरांना आवर्जून विचारा. टाक्यांनंतरही जठर वायूने फुगू शकतं, पण सहसा पीळ नसल्यामुळे नळी आत जाते, वायू निघतो आणि उपचाराला वेळ मिळतो.