चार मिनिटांच्या उतारावर जन्मलेला शॉकअप

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी कॅनडातल्या बॅन्फ गावातून टूर डिव्हाइड निघते. रॉकी पर्वताच्या कण्यावरून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अँटेलोप वेल्सपर्यंत साधारण ४,४०० किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता मातीचा आणि खडीचा. मागे मदतीची गाडी नाही, मुक्काम ठरलेले नाहीत, बक्षीसही नाही. माउंटन बाइक म्हटली की पुढे शॉकअप हवाच, ही आपली पक्की समजूत. पण इथे भल्याभल्यांच्या सायकलींना पुढे साधा ताठ चिमटा, म्हणजे चाक धरणारा फोर्क, असतो, कार्बनचा किंवा स्टीलचा. ज्यांनी सस्पेन्शन लावलेलं असतं तेही १००-१२० मिलिमीटर हालचालीच्या पुढे सहसा जात नाहीत. ही मंडळी काटकसर करत नसतात. हजारो डॉलरच्या सायकलीतून त्यांनी शॉकअप विचारपूर्वक वगळलेला असतो. का, हे समजायचं तर हा शॉकअप कोणी आणि कशासाठी बनवला ते पाहायला हवं.

१९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, काही तरुणांनी एका डोंगरी रस्त्यावर शर्यत लावली. अंतर जेमतेम सव्वातीन-साडेतीन किलोमीटर, उतार सुमारे ४०० मीटर. सायकली जुन्या, श्विनच्या जाडजूड चौकटींच्या, भंगारातून उचललेल्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडायचा, नवं ग्रीस भरायचं आणि पुन्हा वर जायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच रीपॅक पडलं. गॅरी फिशरचा तिथला विक्रम ४ मिनिटं २२ सेकंदांचा. जो ब्रीझ, टॉम रिची, चार्ली केली ही पुढे गाजलेली नावं याच टोळक्यातली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने स्टम्पजंपर ही सायकल दुकानात आणली आणि माउंटन बाइक हा धंदा झाला. तोवर पुढचा चिमटा मात्र ताठच होता. सगळा मार मनगटं आणि जाड टायर सोसत होते.

स्प्रिंग लावायची अक्कल कोणाला नव्हती असं नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इटलीच्या बेरसालिएरी सैनिकांसाठी बियांकीने घडीच्या सायकली केल्या होत्या, त्यांना पुढेमागे स्प्रिंगा होत्या. मोटारसायकलींवर तेलाचा दाब वापरणारा, नळीत नळी सरकणारा फोर्क बीएमडब्ल्यूच्या आर१२ वर १९३५ मध्येच आला. सायकलीवर तो यायला आणखी अर्धं शतक लागलं, कारण इंजिनाला दोन-चार किलो जास्त झाले तरी कळत नाही, पायांना पाव किलोही कळतो. शिवाय उभं राहून पेडल मारलं की स्प्रिंग खालीवर होते आणि पायांची ताकद रस्त्याऐवजी त्या हिंदोळ्यात जाते.

ही अडचण सोडवायला घेतली ती मोटोक्रॉसमधल्याच, म्हणजे मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतींमधल्याच, माणसाने. पॉल टर्नर होंडाच्या शर्यतीच्या संघात मेकॅनिक होता. १९८७ मध्ये लाँग बीचच्या सायकल प्रदर्शनात त्याने पुढेमागे सस्पेन्शन असलेली सायकल मांडली. कौतुक झालं, गिऱ्हाईक मिळालं नाही. मग मोटारसायकलींची सस्पेन्शनं बनवणाऱ्या स्टीव्ह सिमन्सला बरोबर घेऊन त्याने १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही कंपनी काढली. त्यांचा पहिला फोर्क आरएस-१. आत हवा आणि तेल, आणि हालचाल जेमतेम ५० मिलिमीटर. आज मुलांच्या सायकलीलाही याहून जास्त मिळते. पण १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगोला पहिलं अधिकृत जागतिक अजिंक्यपद झालं, आणि तिथली उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने याच फोर्कवर जिंकली. त्यानंतर ‘एवढं वजन कशाला’ हा प्रश्न विचारणारे कमी होत गेले.

म्हणजे जन्म उतारावर आणि बारसंही उतारावर. शर्यत काही मिनिटांची, खाली पोचलं की मेकॅनिक तयार, आणि संध्याकाळी फोर्क उघडून तेल बदलायला तंबू. हा संस्कार त्या यंत्रात आजवर टिकून आहे.

नव्वदच्या दशकात मात्र काही काळ वेगळ्या वाटाही खुल्या होत्या. डग ब्रॅडबरी या कोलोरॅडोच्या कारागिराने मॅनिटू फोर्कमध्ये तेल आणि हवा दोन्ही टाळून रबरासारख्या इलॅस्टोमरच्या गुट्ट्या एकावर एक रचल्या. गळायला काही नाही, फुटायला काही नाही, गुट्टी झिजली तर दुसरी घाला. तोटा असा की थंडीत त्या दगडासारख्या व्हायच्या आणि दाबल्या गेल्यावर उसळी मारायच्या, कारण उसळी रोखणारं आत फारसं काही नव्हतं. तरीही लांबच्या प्रवासाच्या नजरेने पाहिलं तर कल्पना वाईट नव्हती. तिकडे रॉकशॉक्सच्या मॅग २१ मध्ये हवा भरायची तर फुटबॉलला भरतात तशी सुई खुपसावी लागे. सुई काढताना थोडी हवा निसटायची, ती गृहीत धरून आधीच जास्त भरायची.

मग आला मार्झोकीचा बॉम्बर झेड१. इटालियन कंपनी, मोटारसायकल फोर्कचा जुना अनुभव, आणि १९९७ सालच्या मॉडेलांत झळकलेला तो भडक केशरी रंग. आत लोखंडी स्प्रिंग आणि फोर्कच्या पायांत भरपूर तेल. हेच तेल झटका मुरवायचं आणि हलतं तेव्हा आतल्या बुशांना आणि सीलना न्हाऊ घालायचं. वजनाला तो जडच. पण वर्षानुवर्षं न उघडता चालायचा, आणि सील जरा गळलं तरी लगेच काही बिघडत नसे. माझ्या मते लांब पल्ल्याच्या माणसाला हवा होता तो फोर्क हाच. बाजाराला तो नको होता. १९९८ मध्ये रॉकशॉक्सने सिड आणला, वजन सव्वा किलोच्या आसपास, स्प्रिंगच्या जागी हवा. तेव्हापासून क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या शर्यतींचा, सगळा प्रवास ग्रॅम मोजत झाला.

वजन कुठून कमी केलं, इथे खरी मेख आहे. लोखंडी स्प्रिंग गेली, हवा आली. झटका मुरवणारं तेल एका बंद डबीत, म्हणजे डॅम्परमध्ये कोंडलं. बाहेरच्या नळ्यांच्या तळाशी वंगणापुरतं तेल राहिलं, तेही काही मिलीलिटर. आतल्या नळ्या ज्यावर सरकतात ते बुश, धूळ अडवणारं सील आणि त्याखालची फोमची कडी, या सगळ्यांची भिस्त त्या चमचाभर तेलावर. म्हणून आज रॉकशॉक्स दर ५० तासांनी बाहेरच्या नळ्या उतरवून साफ करायला आणि नवं तेल घालायला सांगते, तर डॅम्पर आणि हवेची बाजू २०० तासांनी.

आठवड्याला चार तास सायकल मारणाऱ्याला ५० तास म्हणजे तीन महिने. आता टूर डिव्हाइडचा हिशोब करा. ताशी १५ किलोमीटरने ४,४०० किलोमीटर म्हणजे २९० तासांच्या वर. एका प्रवासात ती देखभाल पाच-सहा वेळा येते, आणि जवळचं सायकल दुकान दोन दिवसांवर. अर्थात ५१ व्या तासाला फोर्क मोडून पडत नाही. होतं ते असं: सील कोरडं पडतं, बारीक वाळू आत शिरते, आतली नळी चिकटत-चिकटत सरकू लागते. छोट्या खडबडीवर फोर्क हलतच नाही. मोठा खड्डा आला की मग हलतो. दीड किलोचं ओझं वाहायचं आणि मिळायचं ताठ चिमट्याचं सुख.

त्यातून डिव्हाइडचा रस्ता कोणत्या जातीचा? खडीच्या रस्त्यावर गाड्या धावून आडव्या लाटा उठतात, पत्र्यासारख्या. झटके लहान, पण एकामागून एक. तिथे फोर्कच्या सीलचं घर्षणच आधी आडवं येतं. कमी हवेचा २.२-२.४ इंची टायर हे काम जास्त बरं करतो, आणि त्याला तेल लागत नाही. २९ इंची चाकांचा प्रसार हे ताठ चिमट्याला बळ देणारं आणखी एक कारण, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी रुततं. जॉन स्टॅमस्टॅडने १९९९ मध्ये हा मार्ग, तेव्हा कॅनडा-अमेरिका सीमेपासूनचा, एकट्याने साधारण १८ दिवसांत पार केला. २०१६ मध्ये माइक हॉलने तोच बॅन्फपासूनचा लांबलेला मार्ग १४ दिवसांच्या आत संपवला. इतक्या वेगातही उतारावर कमावलेल्या मिनिटांना फारशी किंमत नसते. झोप, खाणं आणि न थांबणं यांवर सगळं ठरतं.

तरी ‘लांबचा पल्ला म्हणजे ताठ चिमटा’ असा नियम करू नये. डेन्व्हर ते दुरँगो धावणारी कोलोरॅडो ट्रेल रेस पाहा. अंतर डिव्हाइडच्या पाचव्या हिश्शाएवढं, पण वाट पायवाटेची, मुळं आणि सुट्या दगडांनी भरलेली, काही ठिकाणी चार हजार मीटरच्या वर. तिथे शॉकअप नसला तर माणूस वेगात नव्हे, हातात हरतो. हँडलवरचा सततचा दाब आणि थरथर यांनी तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूची नस दबते. करंगळी आणि अनामिका आधी मुंग्या देतात, मग बधिर होतात, आणि शर्यत संपल्यावरही कित्येक आठवडे शर्टाचं बटण लागत नाही. लांबच्या प्रवासात शॉकअप घ्यायचा तर तो या दोन बोटांसाठी. जाहिराती मात्र उडीच दाखवतात.

मधला मार्ग काढायचे प्रयत्नही झाले. आइसलँडच्या लाउफ कंपनीने पानांच्या स्प्रिंगांचा फोर्क केला. ना तेल, ना सील, ना हवा, हालचाल ६० मिलिमीटर, वजन किलोच्या आसपास. दिसायला विचित्र, आणि उसळी रोखणारा डॅम्पर नसल्याने मोठ्या दगडांवर नाचतो. पण खडीच्या रस्त्यावर लोक त्याच्या प्रेमात पडले ते देखभाल शून्य म्हणूनच. कॅननडेलने २००० च्या सुमारास एकाच पायाचा लेफ्टी आणला, आत रोलर बेअरिंग, त्यामुळे सरकणं लोण्यासारखं. अडचण एकच: हब त्याचाच लागतो, आणि तो आडगावात बिघडला की चाकासकट बसून राहायचं.

मापांचा गोंधळ हा तर स्वतंत्र वैताग. चाक २६ इंची होतं, मग २९, मग २७.५. अक्ष आधी ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज, मग २००८ च्या सुमारास फॉक्स आणि शिमानोने आणलेला १५ मिलिमीटरचा आरपार अक्ष, मग त्याचीच रुंदी १०० वरून ११० झाली. हेडट्यूबमध्ये, म्हणजे चौकटीच्या पुढच्या उभ्या नळीत, जाणारी फोर्कची नळी सरळ होती ती खाली जाड आणि वर बारीक झाली. दर वेळी कारण दिलं ताठरपणाचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण आज जुन्या २६ इंची चौकटीला चांगला नवा फोर्क मिळवणं हे शोधकार्यच होऊन बसतं.

आपल्याकडे नव्वदीनंतर ‘शॉकअपवाली’ सायकल पोराटोरांच्या हट्टाचा विषय झाली आणि शॉकअप हा दिखाऊ दागिना होऊन बसला. आजही वीस-पंचवीस हजारांच्या सायकलीवर स्प्रिंगचा फोर्क येतो, अडीच किलोच्या आगेमागे, डॅम्पर नावापुरता. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी फिरायला तो चालेल. सामान लादून मनाली-लेह करायचं असेल तर त्याच्या जागी स्टीलचा ताठ चिमटा आणि जाड टायर घ्या. सव्वा-दीड किलो वाचतील आणि वाटेत बिघडण्यासारखं एक यंत्र कमी होईल. फक्त चाकाच्या अक्षापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंतची उंची जुळवून घ्या. वीस मिलिमीटरचा फरक पडला तरी हेडट्यूबचा कोन जवळपास एक अंशाने बदलतो आणि उतारावर हँडल बावचळतं.

हवेचा फोर्क घेऊन लडाखला जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. खारदुंग ला (पाटीवर काहीही उंची लिहिलेली असो, खरी ५,३५९ मीटर) इथे बाहेरचा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. मुख्य कप्प्यात ८० पीएसआय असतील तर सात-आठने आकडा वाढतो, ते फारसं जाणवत नाही. जाणवतं ते बाहेरच्या नळ्यांत अडकलेल्या हवेचं फुगणं. फोर्क शेवटच्या टप्प्यात कडक होतो आणि पूर्ण दबतच नाही. काही नव्या फोर्कना ही हवा सोडायला मागे छोटं बटण असतं. नसेल तर सील आणि नळी यांच्यामध्ये जुनी प्लॅस्टिकची बारीक पट्टी हलकेच सरकवून हवा सोडायची युक्ती लोक करतात. युक्ती चालते, पण धातूचं काही वापरलं तर सील कायमचं जातं. छोटा शॉक पंप मात्र सोबत हवाच, कारण टायरच्या पंपाने एवढा दाब नेमका भरता येत नाही.

आणि फोर्क कुठलाही घ्या, निघण्याआधी घरी एकदा करून पाहा: हवा पूर्ण सोडा, हँडलवरची बॅग प्रवासात भराल तशीच भरून बांधा आणि सायकल पुढे दाबून फोर्क तळाला टेकवा. बॅग टायरला लागत असेल तर पट्टे वर घ्या, नाहीतर कमी हालचालीचा फोर्क निवडा. ही घासाघीस पहिल्या मोठ्या खड्ड्यात होते, आणि तोवर बॅगेत झोपायची पिशवी असते.