कोस्टा रिका : रद्द झालेल्या निकालातून घडलेली राज्यघटना

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात निवडणुका ना सरकार घेते, ना संसद. ते काम सर्वोच्च निवडणूक न्यायाधिकरणाचे. त्याचे न्यायाधीश नेमण्यात राष्ट्राध्यक्षांचा हात नसतो. सर्वोच्च न्यायालय दोन-तृतीयांश मतांनी त्यांची निवड करते. न्यायाधिकरणाने दिलेल्या निवडणूक-निर्णयावर अपीलही करता येत नाही. इतका कडेकोट बंदोबस्त कशासाठी, याचे उत्तर १९४८ मध्ये आहे.

त्या काळी अध्यक्षीय निकालावर अखेरची मोहोर संसदेची असे. ८ फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत विरोधकांचे ओतिलिओ उलाते यांनी माजी अध्यक्ष काल्देरोन ग्वार्दिया यांना हरवले. १ मार्चला काल्देरोन समर्थकांच्या बहुमताने संसदेने ही निवडणूकच रद्द करून टाकली. सामाजिक विमा आणि १९४३ चा कामगार कायदा याच काल्देरोन यांच्या कारकिर्दीतले, म्हणून हा प्रसंग अधिकच क्लेशकारक वाटतो. १२ मार्चला काल्देरोन यांचे विरोधक होसे फिगेरेस यांनी बंड पुकारले. ४४ दिवसांच्या यादवीत सुमारे दोन हजार माणसे गेली.

जिंकल्यावर फिगेरेस यांच्या हंगामी मंडळाने अठरा महिने कारभार केला. काल्देरोन यांचे कामगारहिताचे कायदे त्यांनी मोडले नाहीत. १ डिसेंबर १९४८ रोजी राजधानी सान होसेच्या बेयाविस्ता छावणीच्या भिंतीवर घण घालून त्यांनी सैन्य बरखास्त केले. त्या छावणीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. हा क्षण जगभर सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्यापुढची गोष्ट तितकीच मोठी आहे. घटना समितीच्या ४५ जागांपैकी फिगेरेस यांच्या बाजूच्या पक्षाला मिळाल्या अवघ्या ४. समितीने हंगामी मंडळाचा मसुदा बाजूला सारला आणि १८७१ ची जुनी घटना पायाभूत धरली. बंदुकीच्या बळावर सत्तेत आलेल्या माणसाने हे मान्य केले, आणि ८ नोव्हेंबर १९४९ ला उलाते यांच्या हाती कारभार सोपवला.

आदल्याच दिवशी नवी घटना मंजूर झाली होती. आपल्या घटना समितीने भारताची घटना स्वीकारली, त्याच्या एकोणीस दिवस आधी. तिच्या १२ व्या कलमाने कायमस्वरूपी सैन्याला बंदी घातली. स्त्रियांना मताधिकार मिळाला. राष्ट्राध्यक्ष आणि विधानसभा (म्हणजे तिथली संसद, आज ५७ सदस्यांची), दोघांचीही मुदत चार वर्षे. आमदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही.

घटनेतील हक्क सामान्यांच्या हाती खऱ्या अर्थाने आले १९८९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीशांचे घटनापीठ स्थापन झाले. लोक त्याला ‘साला क्वार्ता’, म्हणजे चौथे पीठ, म्हणतात. हक्क डावलला गेला तर कोणीही वकिलाशिवाय तिथे अर्ज करू शकतो. २००३ मध्ये इराक युद्धाला पाठिंबा देणाऱ्या देशांच्या यादीत सरकारने कोस्टा रिकाचे नाव जाऊ दिले, तेव्हा कायद्याच्या एका विद्यार्थ्याने याच पीठाचे दार ठोठावले. सप्टेंबर २००४ मध्ये पीठाने सरकारचा पाठिंबा घटनाबाह्य ठरवला आणि देशाचे नाव त्या यादीतून काढायला लावण्याचा आदेश दिला.