जाम बोल्ट आणि तापलेल्या नटाचं भोक

मोबाईलवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. गंजलेल्या बोल्टवर शीतपेय ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बोल्ट हातानं फिरवून काढायचा. कोला पेयातलं फॉस्फोरिक आम्ल गंज विरघळवतं, हे खरं आहे. पण इतकं पातळ आम्ल वरवरचा गंज तेवढा खातं. आत आट्यांमध्ये काय चाललंय, ते त्याच्या आवाक्यापलीकडचं असतं.

कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगराच्या एखाद्या गाळ्यात जुन्या जीपची चेसिस खोलायला घेतली, की कमानपाट्यांचे बोल्ट हमखास नडतात. गाडी गगनबावडा-राधानगरीच्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेली असते. तांबडी माती चेसिसच्या खाचांत बसते आणि ओल धरून ठेवते. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान दुप्पट-तिप्पट होतं, आणि नट-बोल्टच्या आट्यांमधली फट असते मिलिमीटरच्या काही शतांश. तेवढ्यात फुगलेला गंज पाचरीसारखा ठासून बसतो. अशा वेळी पान्ह्याला लांब पाइप लावून जोर केला, तर आटे सुटायच्या आधी बोल्टच पिळवटून तुटतो.

म्हणून आधी तेल. पातळ तेल केशाकर्षणानं, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणानं, फटीत शिरतं. किती वेगानं शिरतं, याचं गणित अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलं: तेल जितकं खोल जातं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. दुप्पट खोल जायचं तर चौपट वेळ. फट जितकी बारीक, तितका उशीर आणखी. शनिवारी लोखंडाला हात लावू नये म्हणून काम सोमवारवर ढकलणारे लोक आहेत. तेल आधीच घातलेलं असेल तर मधल्या दोन दिवसांत ते मुरतं, बोल्ट सुटतो आणि श्रेय वाराला मिळतं. तेच तेल मंगळवारी घालून गुरुवारी पान्हा लावला तरी फळ तेच.

तेलानं भागलं नाही की गॅसची ज्योत. इथे मला एक प्रश्न विचारायला फार आवडतं: नट तापवला तर त्याचं भोक मोठं होतं की लहान? बरेच जण ‘लहान’ म्हणतात. धातू फुगणार म्हणजे आतल्या बाजूलाही सरकणार, असं त्यांना वाटतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवतो ते आठवा. धाव चाकापेक्षा किंचित लहान केलेली असते. शेणीच्या आगीत लाल झाली की ती चाकावर सहज बसते आणि पाणी ओतलं की आवळते. तापल्यावर धातूतल्या अणूंमधलं अंतर सगळीकडे एकाच प्रमाणात वाढतं. भोकाच्या कडेवरच्या अणूंचंही वाढतं, म्हणजे भोकाचा परीघ वाढतो आणि त्याबरोबर व्यासही.

पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश वाढतं. १२ मिलिमीटरचं भोक ५०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०७ मिलिमीटरनं रुंदावतं. हे आट्यांमधल्या फटीच्या तोडीचं आहे. ठिसूळ गंजाला हा ताण सोसत नाही, त्याचा भुगा होतो. मात्र ज्योत नटावरच हवी आणि झटपट हवी, कारण बोल्टही तितकाच तापला तर दोघे बरोबरच फुगतील.

खरी गंमत पुढे आहे. समजा बोल्टच तापला. भोकात जखडलेला असल्यामुळे त्याला आडवं फुगता येत नाही. पूर्ण जखडलेल्या पोलादात दर अंशाला साधारण २.४ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक) दाब साठतो. साधं पोलाद २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं दबायला लागतं, म्हणजे भोवतालच्या धातूपेक्षा बोल्ट जेमतेम १०० अंश जास्त तापला तरी ती मर्यादा गाठली जाते. शिवाय तापलेलं पोलाद मऊ पडतं. जागा नसलेला धातू मग लांबीच्या दिशेनं सरकतो. थंड झाल्यावर तो आकसतो तेव्हा बोल्ट मुळापेक्षा किंचित बारीक झालेला असतो!

चेसिसमध्ये तुटून राहिलेल्या बोल्टच्या थुटक्यावर नट वेल्ड करतात, ते त्यामुळेच इतकं कामी येतं. पकडायला डोकं मिळतं आणि वेल्डिंगची उष्णता थेट थुटक्यात जाते. लाली गेली की पान्हा लावा, आधी किंचित आवळा, मग सोडवा, पुन्हा थोडं आवळा. मात्र ज्योत किंवा वेल्डिंग सुरू करण्याआधी पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप उतरवून ठेवा, आणि बोल्टवरचं तेल पुसून घ्या.