‘मला जमत नाही’ आणि ‘मला हे करायचंच नाही’

वही बंद, मान खाली, काही विचारलं की तुसडं उत्तर. मूल आठ वर्षांचं असो की पंधराचं, वरून सगळं सारखंच दिसतं. मोठी माणसं निदानही एकच करतात: आत्मविश्वास कमी पडतोय. आठव्या वर्षी ते बहुतेकदा बरोबर निघतं, पंधराव्या वर्षी मात्र बऱ्याचदा फसतं.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे मांडले. त्यातला चौथा साधारण सहा ते बारा वर्षांचा. इथे प्रश्न असतो ‘मला येतं का?’ चार वर्षांचं मूल शर्यतीत शेवटून पहिलं येऊनही ‘मीच सगळ्यात जोरात पळतो’ असं खुशाल सांगतं. सात-आठच्या सुमारास ही चैन संपते. शेजारच्याची गणितं झाली, आपलं पहिलंच अडलंय, हे दिसायला लागतं. मग ते एकच उदाहरण कागद फाटेपर्यंत खोडत बसतं, नाहीतर पोट दुखल्याचं सांगतं.

अशा वेळी ‘तू हुशारच आहेस’ म्हणून भागत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या प्रयोगांत, हुशारीची वाहवा झालेल्या मुलांनी अपयश येताच कच खाल्ली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं जास्त चिवट निघाली. शिवाय या वयात तोंडी धीरापेक्षा हातून पुरं झालेलं एक छोटं काम जास्त उपयोगी पडतं.

पाचव्या टप्प्यात, म्हणजे किशोरवयात, प्रश्नच बदलतो: ‘मी कोण?’ मुलीला गणित उत्तम येतं, गुणही मिळतात, तरी ती म्हणते ‘सोडतेय’. तिला कौशल्याची शंका नाही. हे मला हवंय की घरच्यांना, याची आहे. तिला सोपी पुस्तकं आणून देणं म्हणजे भलत्याच दुखण्यावर औषध. (खुद्द एरिक्सन यांना जन्मदाता पिता कोण हे कधी कळलं नाही आणि ते आडनावही त्यांनी स्वतःच घेतलेलं. ‘मी कोण’ हा विषय त्यांना का सुचला, ते वेगळं सांगायला नको.)

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६मध्ये या गोंधळाची फोड केली. मुलानं पर्याय धुंडाळलेत का आणि कशाशी बांधिलकी मानली आहे का, हे दोन निकष. आज गिटार, उद्या नाटक, परवा तिसरंच असं करणारा मुलगा शोधात असतो, वाया गेलेला नसतो. शोधही नाही आणि बांधिलकीही नाही, ती अवस्था जास्त काळजीची. आणि एकही प्रश्न न विचारता घरच्यांनी ठरवलेली वाट धरणारं मूल? पालक सर्वांत निर्धास्त असतात ते याच्याच बाबतीत. मला त्याचीही थोडी चिंता वाटते.

ओळखायचं कसं? काम थोडं सोपं करून पाहावं. ‘जमत नाही’वालं मूल हळूहळू पुढे सरकतं, दुसरं उलट चिडतं. अर्थात वयाची रेघ काटेकोर नाही. जुनी न्यूनतेची भावना तेराव्या वर्षी ‘मला त्यात रसच नाही’ असा आव आणते, कोल्ह्याची द्राक्षं. तिथे आधी कौशल्याकडेच बघावं लागतं. आणि झोप, भूक, मित्र सगळंच काही आठवडे बिघडलं असेल, तर या दोन्ही खुलाशांत अडकून न पडता समुपदेशक किंवा डॉक्टर गाठावा.