गाडी खाली बसवणे

मोटारगाडीच्या सस्पेन्शनमध्ये फेरफार करून तिचा सांगाडा मूळ उंचीपेक्षा जमिनीजवळ आणणे. वळणावर गाडी स्थिर राहावी आणि ती रुबाबदार दिसावी, अशी दुहेरी अपेक्षा यामागे असते. गाडी उतरली की ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी जागा) घटतो आणि चाकाला वर सरकायला असलेली मोकळीकही घटते. मुंबईत चर्चा बहुधा पहिल्याची होते; प्रत्यक्षात दुसरे अधिक महाग पडते.

आयएसओ ६१२ या मानकानुसार ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीच्या मधल्या भागातील सर्वांत खालच्या बिंदूचे जमिनीपासूनचे अंतर. ‘मधला भाग’ म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या आतल्या कडांमधील अंतराचा मधला ८० टक्के पट्टा. हे माप रिकाम्या गाडीचे की भरलेल्या, यावरून आपल्याकडे बराच घोळ झाला. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने युटिलिटी वाहनांवरील तेव्हाच्या उपकरासाठीची १७० मिमीची अट रिकाम्या गाडीला लागू असल्याचे स्पष्ट केले. गॅरेजात मात्र मोजतात ते टायर आणि मडगार्ड यांमधले अंतर, आणि तेही बोटांनी: ‘चार बोटं आहे, दोन बोटं ठेवू.’ या मापाने गाडी किती उतरली ते कळते. चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) रस्त्यापासून किती वर राहिला, ते कळत नाही.

या प्रथेचा उगम एका जागी दाखवता येत नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून कॅलिफोर्नियातील कोरड्या तलावांवर शर्यती खेळणारे तरुण वाकवलेला पुढचा अॅक्सल वापरून गाडी खाली आणत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्याच मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंगा कापून गाडी सावकाश मिरवण्याची रीत पडली. न्यू मेक्सिकोतील एस्पान्योला हे गावही या दुसऱ्या परंपरेवर हक्क सांगते. साधारण १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येण्यास मनाई केली. त्यावर तोड म्हणून गाडी हवी तेव्हा वर उचलणारे हायड्रॉलिक पंप आले. काही लेखक या दोन्ही परंपरा एकाच धाग्यात ओवतात. एकीचा हेतू वेग व दुसरीचा मिरवणे असल्याने त्यांना वेगळे मानणेच सयुक्तिक वाटते. मुंबईत दोन्हींची सरमिसळ दिसते.

कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) होते. अशा गाडीत मागचा एखादा पाटा कमी करून काम भागते. मारुती ८०० (१९८३) पासून पुढचे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) सर्रास झाले आणि प्रश्न गुंतागुंतीचा बनला.

गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि पकड सुधारते, ही प्रचलित समजूत अर्धीच खरी आहे. १,००० किलो वजनाची, डाव्या-उजव्या चाकांमध्ये १.४५ मी. अंतर (ट्रॅक) असलेली गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या (अर्धा जी) पार्श्वत्वरणाने वळत असेल आणि गुरुत्वमध्य ५५ सेंमी उंचीवर असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १९० किलो भार सरकतो. गाडी ३ सेंमी उतरवल्यावर तो सुमारे १७९ किलो होतो. फायदा आहे, पण साडेपाच टक्क्यांचा.

याउलट वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर मॅकफर्सन मांडणीत फार झपाट्याने खाली घसरतो. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारा दांडा, मुळात बाहेरच्या टोकाला किंचित खाली झुकलेला असतो. गाडी उतरली की तो आडवा होतो आणि पुढे उलटा, वरच्या दिशेला जातो. साधारण हॅचबॅकची मापे धरून (आर्म ३५ सेंमी, उतार ३ अंश, स्ट्रटचा कल १० अंश) आकृती मांडली, तर गाडी ३ सेंमी उतरल्यावर रोल सेंटर सुमारे ९ सेंमीवरून १ सेंमीच्या आसपास येतो. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतले अंतर ४६ वरून ५१ सेंमीवर जाते. म्हणजे स्प्रिंग तीच ठेवून उतरवलेली गाडी पुढून जास्त झुकते. टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन लोअर आर्मशी जुळेनासा झाला की खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढ घेते, तेही याच हिशेबातले. आर्मला चाकाशी जोडणारे बॉल जॉइंट लांब बुंध्याचे बसवून आर्मचा कोन परत आणता येतो. पण रिमच्या आत तेवढी जागा लागते आणि गिऱ्हाईक सहसा एवढ्या खोलात जात नाही. उतरवलेल्या गाडीची सुधारलेली चाल गुरुत्वमध्यामुळे की कडक स्प्रिंगा-शॉकअपमुळे, यावर दोन मते आहेत. वरील आकडे दुसऱ्या मताकडे झुकतात.

चाकाची मोकळीक हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. मूळ गाडीत चाकाला वर जायला ८ सेंमी असतील आणि ३ सेंमी उतरवल्यावर ५ उरत असतील, तर तोच खड्डा बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) न पोचता पचवायला स्प्रिंग २.५६ पट कडक हवी. गाडीची नैसर्गिक कंप्रता (ती सेकंदाला किती वेळा वरखाली होते) त्यामुळे १.२ वरून १.९ हर्ट्झवर जाते. म्हणजे आरामाची गाडी जवळजवळ शर्यतीच्या गाडीसारखी उडू लागते. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर ती फक्त २० टक्क्यांनी कडक होते. कापलेल्या स्प्रिंगची गाडी सारखी ‘खाली ठोकते’ त्याचे कारण हेच. गॅसने तापवून आखूड केलेली स्प्रिंग त्याहून वाईट, कारण तिच्या पोलादाचे पाणीच उतरते.

गतिरोधकांविषयीही गैरसमज आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या आयआरसी ९९ मार्गदर्शिकेतील गोल उंचवटा ३.७ मी. रुंद आणि १० सेंमी उंच असतो. २.५ मी. व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी त्यावर असताना पोटाखालचे जेमतेम ४.६ सेंमी खर्ची पडतात, कारण चाकेही उंचवट्यावरच असतात. सोसायटीच्या गेटासमोर डांबराचा किंवा रबराचा हातभर रुंदीचा पट्टा टाकलेला असतो, तो मात्र मधोमध आल्यावर आपली पूर्ण उंची खातो. १६.५ सेंमीची गाडी ४ सेंमी उतरवली आणि चार माणसांनी ती आणखी ३ सेंमी बसली, तर उरतात ९.५ सेंमी; १० सेंमीच्या पट्ट्यावर चेंबर घासणार हे ठरलेले. मग गाडी तिरकी घालणे किंवा मागच्यांना उतरवून पट्टा ओलांडणे आले. टॉवरच्या पार्किंगच्या १:८ उताराच्या टोकावर, तिथे गोलाई दिली नसेल तर, ७.८ सेंमी जातात, ते निभावते. उताराच्या तळाशी आधी पुढचा बंपर टेकतो.

सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे (२०१३), अटल सेतू आणि किनारी रस्ता (दोन्ही २०२४) यांवर अशी गाडी सुखावते, तरी पुलांच्या सांध्यांवर तिची मोकळीक तोकडी पडते. आतल्या रस्त्यांवर खचलेले पेव्हर ब्लॉक आणि थरावर थर चढल्याने खोल गेलेली गटाराची झाकणे अधिक घातक. त्यात मोठ्या रिमवर कमी जाडीचे टायर असतील तर टायरला फुगा येतो. पावसाळ्यात अंधेरी सबवे वा हिंदमाता टाळणे सर्वांनाच इष्ट. उतरवलेल्या गाडीला पर्यायच नसतो, कारण इंजिनाची हवा ओढणारी नळीही तितकीच खाली आलेली असते.

मुंबईसाठी १५ ते २५ मिमी उतरवणे, त्याला जुळणारे शॉकअप आणि लगेच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) ही मर्यादा व्यवहार्य दिसते. अलाइनमेंट टाळल्यास टायर आतल्या कडेने खातो. एअर सस्पेन्शनने (स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांनी) उंची हवी तेव्हा वाढवता येते; अशी सोय सित्रोएन डीएस या फ्रेंच मोटारीने १९५५ मध्येच हायड्रोन्यूमॅटिक (तेल आणि वायूच्या दाबाच्या) पद्धतीने दिली होती.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रमाणपत्रावर उंचीचा उल्लेख नसल्याने स्प्रिंगा बदलणे यात येत नाही, असे काहींचे म्हणणे आहे. निर्णयाचा रोख उत्पादकाच्या मूळ रचनेवर असल्याने कडक अर्थ अधिक ग्राह्य वाटतो.